चौदाव्या वर्षाची परीक्षा
(प्रस्तावना)

कम्युनिस्ट राजवटींनी धर्मावर केलेल्या दडपशाहीचा विषय निघाला की जमीनदोस्त केलेली प्रार्थनास्थळे, तुरुंगात खितपत पडलेले धर्मगुरू आणि सैबेरियातल्या छावण्या डोळ्यांपुढे येतात. हे सारे घडले आहे. सोव्हिएत संघाने 1929 च्या कायद्याने लहान मुलांसाठी आणि तरुणांसाठी धार्मिक मंडळे चालवण्यास बंदी घातली. अल्बानियाने 1967 मध्ये सगळेच धर्म बेकायदा ठरवले. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते लिहिले गेलेच पाहिजे. या पुस्तकाचा विषय मात्र वेगळा आहे. त्यात फाशीचे दोर नाहीत, छावण्याही क्वचितच आहेत. त्यात शाळेचा वर्ग आहे, मुख्याध्यापकांची खोली आहे, प्रवेशाचा अर्ज आहे आणि त्या अर्जापुढे बसलेली चौदा वर्षांची मुले आहेत.

देश पूर्व जर्मनी. 7 ऑक्टोबर 1949 ला जन्मलेला आणि 3 ऑक्टोबर 1990 ला नकाशावरून पुसला गेलेला. मार्टिन लूथरची आयुष्यभराची गावे, म्हणजे आइस्लेबेन, एरफुर्ट, विटेनबर्ग, आइझेनाख, ही सगळी याच देशात आली. 1950 मध्ये इथले दहापैकी नऊ लोक कुठल्या ना कुठल्या चर्चचे सदस्य होते आणि त्यांतले बहुसंख्य प्रोटेस्टंट होते. अशा देशात धर्म एका फटक्यात संपवता येणार नाही, हे सत्ताधारी पक्षाला पक्के ठाऊक होते. म्हाताऱ्यांची श्रद्धा त्यांच्याबरोबर जाईल. प्रश्न नातवंडांचा होता. आजीकडून नातवाकडे जाणारी वाट बंद केली की उरलेले काम काळ करील, हा हिशेब होता. म्हणून या राजवटीने आपली सगळी शक्ती बाराव्या ते अठराव्या वर्षांच्या दरम्यान ओतली. या पुस्तकातली प्रकरणेही त्याच वयाभोवती फिरतात.

आधी थोडे मागे जायला हवे. हिटलरच्या राज्यात डिसेंबर 1933 मध्ये प्रोटेस्टंट युवक संघटना हिटलर यूथमध्ये विलीन करण्यात आल्या. चर्चच्या हाती उरले ते फक्त बायबलचे वाचन आणि प्रार्थना, तेही मंडळीच्या चार भिंतींआड. त्या अडचणीतून एक रीत तयार झाली. सभासद नोंदवही नाही, वर्गणी नाही, पदाधिकारी नाहीत. आठवड्यातून एकदा संध्याकाळी गावातली तरुण मुले पाळकाच्या घरी किंवा चर्चच्या खोलीत जमायची, उतारा वाचायची, त्यावर बोलायची, गायची. युद्धानंतर हीच रीत ‘युंगे गेमाइंडे’, म्हणजे तरुण मंडळी, या नावाने पूर्व जर्मनीत रुजली. छातीवर एक छोटा बिल्ला असे: पृथ्वीगोल आणि त्यावर क्रूस. जी संघटनाच नाही ती बरखास्त कशी करायची? नाझींच्या काळात ज्या रूपाने तगता आले, तेच रूप नव्या राजवटीला सर्वांत जास्त खुपले.

कारण राजवटीने मुलांसाठी स्वतःची संघटना उभी केली होती. सहा वर्षांपासून पायोनियर आणि चौदाव्या वर्षापासून एफडीजे. 1946 मध्ये स्थापन झालेल्या या निळ्या सदऱ्यांच्या युवक संघटनेचे पहिले अध्यक्ष होते एरिक होनेकर. पुढे तेच देशाचे सर्वेसर्वा झाले. जुलै 1952 मध्ये पक्षाने ‘समाजवादाच्या उभारणी’ची घोषणा केली आणि 1953 च्या सुरुवातीला तरुण मंडळीविरुद्ध मोहीम सुरू झाली. एफडीजेच्या ‘युंगे वेल्ट’ या वृत्तपत्राने एप्रिलमध्ये खास अंक काढला. युंगे गेमाइंडे ही अमेरिकेच्या इशाऱ्यावर हेरगिरी आणि घातपात करणारी टोळी आहे, असा त्याचा आरोप होता. शाळाशाळांत सभा भरल्या. मुलांना सर्वांसमोर उभे करून बिल्ला काढायला, तरुण मंडळीशी संबंध तोडल्याचे जाहीर करायला सांगण्यात आले. ज्यांनी नकार दिला त्यांची नावे शाळेच्या पटावरून गेली. अनेकांची अंतिम परीक्षा अवघ्या काही आठवड्यांवर आली होती. हाल्ले इथले विद्यार्थ्यांचे पाळक योहानेस हामेल यांच्यासारख्यांना अटक झाली.

त्या सभांमध्ये जे घडले त्याचा मराठी वाचकाने थोडा थांबून विचार करावा, असे मला मनापासून वाटते. समोर दीडदोनशे सोबती, व्यासपीठावर आपलेच शिक्षक, आणि उभे राहिलेले सतरा वर्षांचे पोर. त्याच्या हातात शस्त्र नाही, डोक्यात क्रांती नाही. बुधवारी संध्याकाळी चार मित्रांबरोबर मी जे वाचतो ते वाईट नाही, एवढेच त्याला म्हणायचे आहे. त्या एका वाक्याची किंमत म्हणून ते डॉक्टर होण्याचे, इंजिनिअर होण्याचे स्वप्न मोजते. अशी किंमत हजारोंनी मोजली आणि त्यांची कुठे स्मारके नाहीत.

मग एक विलक्षण गोष्ट घडली. मार्चमध्ये स्टालिन वारले होते आणि पूर्व जर्मनीतली माणसे लाखांनी पश्चिमेकडे निघून चालली होती. जूनच्या सुरुवातीला मॉस्कोने धोरण सैल करण्याचे फर्मान काढले. 10 जून 1953 रोजी पंतप्रधान ओट्टो ग्रोटेवोल आणि चर्चचे नेते समोरासमोर बसले. तरुण मंडळीविरुद्धची कारवाई थांबली आणि काढून टाकलेल्या मुलांना परत घेण्याचे ठरले. आठवडाभराने, 17 जूनला, कामगारांचा उठाव झाला आणि तो सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला. मुले शाळेत परतली. पण राजवट यातून एक धडा शिकली. उघड छळ केला की मुले ताठ होतात आणि जगही बघते. पुढचे पाऊल तिने फार विचारपूर्वक टाकले.

ते पाऊल म्हणजे ‘युगेंडवाइहे’. प्रोटेस्टंट घरांत मूल साधारण चौदा वर्षांचे झाले की त्याचे दृढीकरण होते: बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडिलांनी त्याच्या वतीने दिलेला शब्द ते आता स्वतःच्या तोंडाने देते. घरात नवे कपडे येतात, पाहुणे येतात, भेटी मिळतात, जेवणावळ होते. राज्याने नेमक्या याच वयाला, याच ऋतूत, स्वतःचा एक सोहळा सुरू केला. 1955 च्या वसंतात पहिले समारंभ झाले. सभागृह, संगीत, फुले, भाषण, सामुदायिक प्रतिज्ञा आणि ‘विश्व, पृथ्वी, मानव’ अशा नावाचे जाडजूड पुस्तक भेट. 1958 पासून त्या प्रतिज्ञेत समाजवादाच्या निष्ठेचा उघड उच्चार आला. चर्चने सुरुवातीला ठाम भूमिका घेतली: ही प्रतिज्ञा घेणाऱ्याचे दृढीकरण होणार नाही. पहिल्या वर्षी पाचांतल्या एका मुलानेही ती घेतली नाही. मग शिक्षक घरोघर जाऊ लागले. कारखान्यात बापाला विचारणा होऊ लागली. मुलाचे पुढचे शिक्षण, थोरल्या मुलीची नोकरी, यांचे सूचक उल्लेख होऊ लागले. 1959 पर्यंत पाचांतली चार मुले राज्याच्या सोहळ्यात उभी होती. चर्चलाही अखेर नमते घ्यावे लागले. दोन्ही सोहळे करणाऱ्या मुलांना ते दूर लोटू शकले नाही. पुढच्या काळात युगेंडवाइहेला न जाणारी मुले शंभरांत चारपाच उरली.

या यंत्रणेची कळ होती ती उच्च माध्यमिक शाळेच्या प्रवेशात. विद्यापीठात जायचे तर त्या शाळेची परीक्षा हवी आणि तिथे साधारण दहांतल्या एकालाच जागा मिळे. गुणांबरोबर ‘सामाजिक वर्तन’ पाहिले जाई. निळा सदरा नाही, प्रतिज्ञा नाही, बाप पाळक, मग वर्गात पहिला येऊनही मुलगा सुतारकाम शिकायला जाई. कुठल्याही कागदावर ‘तू देव मानतोस म्हणून’ असे लिहिलेले नसे. जागा भरल्या आहेत, एवढेच उत्तर येई. घटनेत श्रद्धेचे स्वातंत्र्य लिहिलेले होते, चर्च उघडी होती, घंटा वाजत होत्या. बाहेरून आलेल्या पाहुण्याला काहीच खटकू नये, अशी ही व्यवस्था होती.

तरीही सगळ्यांच्या वाट्याला एकच गोष्ट आली असे नाही, आणि पुढची प्रकरणे वाचताना हे भान ठेवावे लागेल. रोस्टोकच्या योआखिम गाउक यांच्या वडिलांना 1951 मध्ये उचलून सैबेरियाला पाठवण्यात आले होते. मुलाने निळा सदरा घातला नाही, साहित्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला नाही, तेव्हा तो धर्मशास्त्राकडे वळला आणि पाळक झाला. टेम्प्लिनच्या पाळकाची मुलगी आंगेला मेर्केल एफडीजेत होती, पण तिने युगेंडवाइहे न करता दृढीकरण घेतले, आणि तिला लाइपझिगला भौतिकशास्त्र शिकता आले. पुढे एक संयुक्त जर्मनीचा राष्ट्राध्यक्ष झाला, दुसरी सोळा वर्षे चॅन्सलर. कुठे दार उघडेल आणि कुठे आपटेल, हे आधी कुणालाच सांगता येत नसे. ही अनिश्चितता भीतीचेच एक साधन होती, कारण ती माणसाला स्वतःहून दोन पावले मागे सरायला लावी. म्हणून ज्या आईबापांनी मुलांना ‘जा, प्रतिज्ञा घेऊन ये’ असे सांगितले, त्यांच्याविषयी मला या पुस्तकात कुठेही कठोर शब्द लिहावासा वाटला नाही. मुलाच्या भविष्याचे ओझे खांद्यावर असलेल्या माणसाला धैर्याचे धडे दुसऱ्याने देऊ नयेत.

शाळा संपल्यावर मुलांपुढे दुसरा उंबरठा यायचा. 1962 पासून सक्तीची लष्करी सेवा सुरू झाली. चर्चच्या दबावामुळे सप्टेंबर 1964 मध्ये एक पळवाट निघाली: शस्त्र न घेता बांधकाम-सैनिक म्हणून सेवा. खांद्यावरच्या पट्टीवर फावड्याचे चिन्ह असे. पूर्व युरोपच्या साम्यवादी गटात तेव्हा अशी तरतूद दुसऱ्या कुठल्याही देशात नव्हती. अर्थात फावडे उचलले की विद्यापीठाचा रस्ता बहुधा बंदच. आणि तेही नाकारणारे होते. 1950 पासूनच बंदी असलेल्या ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाची मुले वर्षानुवर्षे तुरुंगात जात राहिली. सप्टेंबर 1978 पासून नववी-दहावीच्या वर्गात लष्करी शिक्षण सक्तीचे झाले, तेव्हा आपल्या पोराने बंदूक हाती घ्यावी का, हा प्रश्न प्रत्येक ख्रिस्ती घरात शिरला.

दोन वर्षे आधी, 18 ऑगस्ट 1976 रोजी, ऑस्कर ब्रुझेवित्स या खेड्यातल्या पाळकाने त्साइट्स शहरात, भर चौकात, चर्चसमोर स्वतःला पेटवून घेतले होते. शाळांमध्ये मुलांवर आणि तरुणांवर होणाऱ्या दडपणासाठी चर्च कम्युनिझमवर आरोप ठेवत आहे, अशा अर्थाचा फलक त्यांनी आपल्या मोटारीवर लावला होता. चार दिवसांनी ते गेले. पक्षाच्या वृत्तपत्राने त्यांना वेडसर ठरवले. त्यांच्या या कृत्याचे समर्थन मी करणार नाही. पण स्वतःच्या मरणाच्या क्षणीही त्या माणसाने बोट ठेवले ते शाळेतल्या मुलांच्या दुःखावर, ही गोष्ट विसरता येत नाही.

या पुस्तकाचा मधला भाग 1980 नंतरच्या पिढीचा आहे, आणि तोच मला सर्वांत जास्त आशा देतो. आता तरुण मंडळीत फक्त पाळकांची मुले उरली नव्हती. लांब केस ठेवणारी, ब्लूज ऐकणारी, घरात कधी बायबल न पाहिलेली मुलेही येऊ लागली, कारण मोकळेपणाने बोलता येईल अशी दुसरी खोलीच त्या देशात नव्हती. पूर्व बर्लिनमध्ये पाळक राइनर एपेलमान यांच्या ब्लूज-उपासनांना हजारोंनी तरुण येत. ड्रेस्डेनचे युवा-पाळक हाराल्ड ब्रेटश्नायडर यांनी मीखा संदेष्ट्याच्या तलवारींचे फाळ करण्याच्या कल्पनेवरून एक गोल चिन्ह तयार केले. त्यासाठी त्यांनी घेतलेले शिल्प खुद्द सोव्हिएत संघाने 1959 मध्ये संयुक्त राष्ट्रांना भेट दिलेले होते. कागदावर छापायला सरकारी परवाना लागे, कापडावरच्या छपाईला लागत नसे. म्हणून हेर्नहूट इथे ते न विणलेल्या कापडावर छापून घेतले. मुलांनी ते बाहीवर शिवले. 1982 च्या वसंतात पोलीस ते रस्त्यात थांबवून फाडू लागले, तेव्हा काही मुलांनी त्या जागी कोरा पांढरा गोल शिवला. 24 सप्टेंबर 1983 ला, सरकार लूथरची पाचशेवी जयंती थाटात साजरी करत असताना, विटेनबर्गमध्ये लूथरच्याच घराच्या अंगणात एका लोहाराने तलवार तापवून तिचा फाळ घडवला. पाळक फ्रीड्रिख शोर्लेमर यांनी हा कार्यक्रम योजला होता आणि अंगण तरुणांनी भरून गेले होते.

याची किंमतही याच पिढीने दिली. येना शहरातल्या तरुण मंडळीत वाढलेला माथियास डोमाश्क हा 23 वर्षांचा तरुण एप्रिल 1981 मध्ये बर्लिनला एका वाढदिवसासाठी निघाला होता. त्याला रेल्वेतून उतरवून घेतले गेले, आणि 12 एप्रिलला गेरा इथे स्टासी या गुप्त पोलिसांच्या कोठडीत त्याचा मृत्यू झाला. सरकारने आत्महत्या म्हटले. त्याच्या मित्रांनी ते कधीच मानले नाही. विश्वासघाताचे प्रकरणही टाळता येणार नाही. लष्करी सेवा नाकारणाऱ्या मुलांचे खटले लढवणारे, चर्चच्या विश्वासातले वकील वोल्फगांग श्नूर हे अनेक वर्षे स्टासीचे खबरे होते, हे मार्च 1990 मध्ये उघड झाले. ज्या माणसापुढे मुलांनी मन मोकळे केले, तोच ते लिहून देत होता. 1992 पासून लोकांना आपापल्या फायली वाचता येऊ लागल्या आणि अनेकांच्या मैत्री त्या वाचनालयातच संपल्या.

आता अखेरच्या अंकाकडे. लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये सप्टेंबर 1982 पासून दर सोमवारी संध्याकाळी पाच वाजता शांतिप्रार्थना होऊ लागली. ती सुरू करण्याची कल्पना शहराच्या एका उपनगरातल्या तरुण मंडळीची होती. सात वर्षे ती चालली; कधी मोजकी डोकी, कधी चर्च भरलेले. पाळक क्रिस्टियान फ्यूरर यांनी दारावर पाटी ठेवली होती: सर्वांसाठी खुले. 9 ऑक्टोबर 1989 च्या सोमवारी पक्षाने आपले शेकडो सभासद आधीच बाकांवर बसवून ठेवले. त्यांनाही प्रार्थना ऐकवली गेली. बाहेर सुमारे 70,000 माणसे जमली होती आणि सशस्त्र दले सज्ज होती. एकही दगड उडाला नाही, एकही गोळी सुटली नाही. महिनाभरात बर्लिनची भिंत उघडली. त्या सोमवारच्या रात्रीची अहिंसा आकाशातून पडली नव्हती. खोल्याखोल्यांतून, आठवड्यामागून आठवडे, तीस-पस्तीस वर्षे तिचा सराव झाला होता.

इथे एक कटू सत्य सांगितले पाहिजे, कारण ते लपवले तर हे पुस्तक प्रचार ठरेल. संख्येच्या हिशेबात राजवट जिंकली. पूर्व जर्मनीचा भाग आज जगातल्या सर्वांत कमी धार्मिक प्रदेशांपैकी एक आहे. भिंत पडल्यावर लोक चर्चकडे परतले नाहीत. युगेंडवाइहे प्रतिज्ञेविना, कौटुंबिक समारंभ म्हणून, आजही तिथे होते. आजीकडून नातवाकडे जाणारी वाट खरोखरच तुटली. म्हणून ‘श्रद्धेला कुणी हरवू शकत नाही’ असे सोपे वाक्य मी लिहिणार नाही. दडपशाही यशस्वी होऊ शकते आणि तिच्या यशाच्या खुणा पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पण राजवटीला जे हवे होते ते तिला मिळाले नाही. तिला हवा होता प्रतिज्ञा मनापासून घेणारा नवा माणूस. तिला मिळाला ओठांनी प्रतिज्ञा पुटपुटणारा आणि घरी येऊन गप्प बसणारा माणूस, आणि निर्णायक दिवशी त्यांतला कुणीही तिच्या बाजूने उभा राहिला नाही. ज्यांनी चौदाव्या वर्षी नाही म्हटले होते, ते थोडे होते. पण नाही कसे म्हणायचे हे देशात फक्त त्यांनाच ठाऊक होते, आणि 1989 मध्ये बाकीचे त्यांच्या मागे चालू लागले.

या विषयावर मराठीत पुस्तक कशासाठी, असे कुणी विचारील. समाजवादी देशांचे चित्र आपल्याकडे आले ते मुख्यतः लोकवाङ्मय गृहाच्या दुकानांत मिळणाऱ्या देखण्या, स्वस्त सोव्हिएत पुस्तकांतून आणि अण्णा भाऊ साठ्यांच्या रशियाच्या प्रवासवर्णनासारख्या लेखनातून. गिरणी कामगारांच्या लढ्यात आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत इथल्या कम्युनिस्टांनी जे दिले त्याचे ऋण मी मानतो, आणि अण्णा भाऊंना तिथे जे दिसले ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. पण त्या चित्रात निळा सदरा न घातलेले मूल नव्हते. ते आपल्या भाषेत यावे, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे. पाळक, मंडळी, उपासना, दृढीकरण हे मराठी ख्रिस्ती घरांतले नेहमीचे शब्दच मी वापरले आहेत. ज्या वाचकांना ते परके वाटतील त्यांना दोनचार पानांत सवय होईल.

आणखी एका प्रसंगाची नोंद करतो, कारण शेवटचे प्रकरण त्यावर आहे. जानेवारी 1990 मध्ये सत्ताभ्रष्ट, आजारी एरिक होनेकर आणि त्यांच्या पत्नी मार्गोट यांना राहायला घर उरले नाही. मार्गोट होनेकर 1963 पासून देशाच्या शिक्षणमंत्री होत्या. शाळेची दारे कुणाला उघडायची हे त्यांच्याच खात्यात ठरत असे. लोबेताल गावचे पाळक ऊवे होल्मर यांनी त्या दोघांना आपल्या घरात घेतले आणि सुमारे दोन महिने ठेवले. होल्मर यांना दहा मुले होती. चांगले गुण असूनही त्यांतल्या बहुतेकांना उच्च माध्यमिक शाळेत प्रवेश नाकारला गेला होता. दाराबाहेर संतप्त लोक निदर्शने करत होते, धमक्या येत होत्या. होल्मर यांचे म्हणणे साधे होते: क्षमा करायला शिकवणारी प्रार्थना रोज म्हणायची आणि दारी आलेल्याला हाकलायचे, हे आपल्याला जमणार नाही.

श्रद्धेविषयी वाचकाचे मत काहीही असो. मी हे पुस्तक आस्तिकांसाठी लिहिलेले नाही आणि नास्तिकांविरुद्ध तर मुळीच नाही. निकोलाय चर्चबाहेर उभे राहिलेल्या अनेकांचा देवावर विश्वास नव्हता. मला एकच गोष्ट मांडायची आहे. मुलाच्या मनातले सर्वांत खासगी असे जे काही असेल, प्रार्थना असो की शंका, त्याची अदलाबदल शाळेतल्या जागेशी करण्याचा अधिकार कुठल्याही सत्तेला नाही. ती सत्ता लाल झेंड्याची असो, धर्माच्या झेंड्याची असो, बहुमताची असो की घरातल्या वडीलधाऱ्यांची. पुढच्या पानांतली मुले दूरच्या देशातली आणि सरलेल्या काळातली आहेत. आपल्या गावातल्या शाळेत, आपल्यापेक्षा वेगळ्या घरातून आलेल्या मुलाला असाच सौदा पुढे केला जात असेल, तर तो ओळखता यावा आणि त्या मुलाच्या बाजूने बोलता यावे, यासाठी त्यांची ओळख करून घ्यायची आहे.